गोळी पहिल्याच दिवशी सेरोटोनिन वाढवते, मग बरं वाटायला तीन-चार आठवडे का लागतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुमच्या ३४ वर्षांच्या बहिणीला डिप्रेशन आणि सतत घाबरल्यासारखं होतं म्हणून एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी रात्री घ्यायला दिली आहे. आज नववा दिवस. झोप पहिल्याच रात्री लागली, पण मन तसंच जड आहे. वर मळमळ आणि आतून तगमग सुरू झाली आहे. डॉक्टरांनी तीन-चार आठवडे धीर धरायला सांगितलं. तुम्ही वाचलंत की ही गोळी काही तासांतच मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे चेतापेशींमधे निरोप पोचवणारं एक रसायन, वाढवते. दुसरीकडे हेही वाचलंत की ‘डिप्रेशनमध्ये सेरोटोनिन कमी असतं’ हे २०२२ साली खोटं ठरलं. मग वाट कशाची पाहायची, आणि ती म्हणते तशी गोळी बंद का करू नये, असं तुम्ही विचारलंय.

या सगळ्याची गाठ एकाच जागी आहे. गोळी पहिल्या दिवशी जो रासायनिक बदल घडवते, ती फक्त सुरुवात असते. त्या बदलाशी जुळवून घेताना चेतापेशी पुढचे काही आठवडे स्वतःत जे फेरफार करतात, त्यातून गुण येतो. उशीर का लागतो, पहिल्या आठवड्यात त्रास का होतो आणि गोळी एकदम सोडली की हाल का होतात, या तिन्हींचं उत्तर तिथेच मिळतं.

पण काही गोष्टी तिला न तपासता इथून सांगता येणार नाहीत. आधी कधी चार-पाच दिवस झोप कमी लागूनही अंगात भलताच उत्साह, अखंड बडबड, वारेमाप खर्च असा काळ येऊन गेला होता का? घरात कुणाला बायपोलर आजार आहे का? थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासलंय का? गर्भधारणेची शक्यता आहे का, इतर कोणती औषधं चालू आहेत? या उत्तरांवर बरंच काही बदलतं. खाली लिहिलंय ते यात काही वेगळं नाही असं धरून.

आधी पेशी एकमेकींशी बोलतात कशा ते पाहू. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. एका पेशीच्या आत निरोप विजेच्या रूपात धावतो, पण दोन पेशींच्या मध्ये जवळपास २० नॅनोमीटरची फट असते आणि ती बहुतेक ठिकाणी रसायनाने ओलांडावी लागते. विजेची लहर पेशीच्या टोकाला पोचली की तिथे कॅल्शियम आत शिरतं, रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या फटीत रिकाम्या होतात, आणि ते रसायन पलीकडच्या पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं. काम झालं की रसायन फटीतून काढून टाकावं लागतं, नाहीतर निरोप संपणारच नाही. सेरोटोनिनच्या बाबतीत ही सफाई मुख्यतः एक वाहक प्रथिन करतं. ते सेरोटोनिन उचलून मूळ पेशीत परत नेतं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही सगळी औषधं याच वाहकाला अडवतात. सेरोटोनिन ‘बनवणारी’ यातली एकही नाही. असलेलं सेरोटोनिन फटीत जास्त वेळ टिकतं, एवढंच.

इथे प्रमाणाचं भान ठेवायला हवं. मेंदूतला बहुतांश संवाद ग्लुटामेट आणि गाबा या दोन रसायनांवर चालतो. ग्लुटामेट पेशीला चेतवतं, गाबा शांत करतं. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या बुडाशी, मस्तिष्कस्तंभातल्या राफे नावाच्या पुंजक्यांत असतात आणि त्या अवघ्या काही लाख आहेत. त्यांच्या फांद्या मात्र मेंदूभर पसरलेल्या असतात, खाली मज्जारज्जूपर्यंतही जातात. ग्लुटामेट-गाबाचा जो संवाद चालू आहे तो कुठे तीव्र, कुठे सौम्य करायचा, हे ठरवण्यात सेरोटोनिनचा हात असतो. त्याला ओळखणारे रिसेप्टर किमान चौदा प्रकारचे आहेत. म्हणून एकाच रसायनाचा संबंध झोपेशी, भुकेशी, भीतीशी, लैंगिक इच्छेशी आणि मळमळीशीही येतो. शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन तर मेंदूत नसतंच, ते आतड्यात असतं. रक्तातून ते मेंदूत शिरूही शकत नाही. तेव्हा रक्तातलं सेरोटोनिन मोजून डिप्रेशनचं निदान करून देतो असं कुणी म्हणालं, तर त्यावर पैसे घालवू नका.

आता पहिला दिवस. गोळी पोटात गेल्यावर साधारण पाच तासांत एस्सिटालोप्रामची रक्तातली पातळी सर्वांत वर जाते आणि वाहक अडवला जायला लागतो. सेरोटोनिन फटींत साचतं. पण ते राफेमधल्या पेशींच्या स्वतःच्या अंगाभोवतीही साचतं, आणि तिथे त्या पेशींवर ५-एचटी-१ए नावाचे स्व-रिसेप्टर असतात. त्यांचं काम गच्चीवरच्या टाकीतल्या फ्लोटचं आहे. पातळी वर आली की आवक बंद. ‘सेरोटोनिन पुरेसं झालं’ असं कळताच राफेच्या पेशी आपला विद्युत संदेशच मंद करतात. म्हणजे एका बाजूला गोळी सफाई रोखून सेरोटोनिन वाढवते आणि दुसऱ्या बाजूला पेशी ते कमी सोडतात. मेंदूच्या पुढच्या भागांत निव्वळ वाढ अपेक्षेपेक्षा थोडीच होते.

गोळी रोज चालू राहिली की हे स्व-रिसेप्टर सततच्या सेरोटोनिनला सरावतात आणि त्यांची संवेदनशीलता घटते. याला दोन-तीन आठवडे लागतात. मग राफेच्या पेशी पूर्वीच्या वेगाने संदेश पाठवू लागतात, वाहक तर अडवलेलाच असतो, आणि तेव्हा पुढच्या भागांत सेरोटोनिन खऱ्या अर्थाने वाढलेलं राहतं. हा पुरावा मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतला आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. माणसांत याची आडून परीक्षा झाली. पिंडोलॉल हे रक्तदाबाचं औषध हाच स्व-रिसेप्टर अडवतं, म्हणून ते सोबत दिलं तर गुण लवकर यायला हवा. काही चाचण्यांत तो आला, काहींत नाही, आणि जिथे आला तिथेही फायदा सुरुवातीच्या दिवसांपुरताच राहिला. याचा अर्थ स्व-रिसेप्टर हे उशिराचं एक कारण आहे, एकमेव नव्हे.

बाकीचं काम पेशीच्या आत चालतं. सेरोटोनिनचे बहुतेक रिसेप्टर थेट विद्युत दार उघडत नाहीत. ते पेशीत रासायनिक साखळी सुरू करतात, ती केंद्रकापर्यंत जाते आणि कोणती जनुकं किती वापरायची हे बदलतं. त्यातून बीडीएनएफ नावाच्या वाढपोषक प्रथिनाचं काम वाढतं, पेशींच्या जोडण्या नव्याने घडवता येण्याची लवचिकता वाढते. २०२१ मध्ये फिनलंडच्या एरो कास्ट्रेन यांच्या गटाने दाखवलं की अनेक डिप्रेशनविरोधी औषधं या बीडीएनएफच्या रिसेप्टरलाही थेट चिकटतात. जोडण्या बदलणं म्हणजे नवी प्रथिनं बनणं आणि नव्या फांद्या फुटणं. ते एका रात्रीत होत नाही.

याला जोडून ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांचं काम मला रोजच्या प्रॅक्टिसमध्ये सर्वांत उपयोगी वाटतं. डिप्रेशनमधला माणूस समोरच्या चेहऱ्यावरचा राग, भीती, नापसंती चटकन टिपतो. आनंद, कौतुक त्याच्या नजरेतून निसटतं. त्यांच्या प्रयोगांत औषधाच्या पहिल्या काही दिवसांतच, कधी एका डोसनंतरही, हा कल थोडा सरकलेला दिसला, आणि तोही ‘मला बरं वाटतंय’ असं माणूस म्हणायच्या आधी. पण कल सरकला म्हणून मन लगेच हलकं होत नाही. सरकलेल्या नजरेने रोजचे अनुभव यावे लागतात, ते साठावे लागतात. दिवसभर खोली बंद करून पडून राहणाऱ्या पेशंटला गोळीचा गुण कमी दिसतो, त्यामागे हे एक कारण असावं असं मला वाटतं. म्हणून मी गोळीसोबत रोजचं एखादं छोटं ठरलेलं काम लिहून देते: सकाळी वीस मिनिटं चालणं, आठवड्यातून दोनदा कुणाला तरी भेटणं. बहिणीला ‘खूश राहा’ म्हणू नका. ‘चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन दूध घेऊन येऊ’ म्हणा.

मग पहिल्या आठवड्यात उलट त्रास का? मळमळीचं कारण सरळ आहे. आतड्यात आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्रात ५-एचटी-३ रिसेप्टर असतात. सेरोटोनिनच्या सगळ्या रिसेप्टरांत थेट विद्युत दार उघडणारे हे एवढेच, त्यामुळे त्यांचा परिणाम ताबडतोब जाणवतो. उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन याच रिसेप्टरला अडवतं. हा त्रास बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत ओसरतो. गोळी जेवणानंतर लगेच घेतली आणि जेवण तेलकट नसलं तर फरक पडतो. तगमगही याच काळातली. भीतीच्या यंत्रणेवर सेरोटोनिनची अचानक वाढ सुरुवातीला उत्तेजक ठरू शकते. म्हणून ज्यांना घबराट जास्त आहे त्यांना मी ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करते आणि आठवड्याने १० वर नेते. तुमच्या बहिणीला थेट १० पासून सुरू झालंय, ते चुकीचं नाही, अनेकांना ते व्यवस्थित सोसतं. पण तगमग असह्य असेल तर डॉक्टरांना फोन करून ‘काही दिवस अर्धा डोस चालेल का’ हे विचारणं, गोळी सोडून देण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

मात्र काही लक्षणांत वाट पाहायची नसते. ती जागेवर बसूच शकत नसेल, पाय सारखे हलवत येरझारा घालत असेल. मरणाचे विचार नव्याने आले किंवा वाढले असतील. झोपेशिवायही ताजंतवानं वाटून बोलणं सुसाट झालं असेल. ताप, भरपूर घाम, थरथर, जुलाब आणि स्नायूंना झटके असं सगळं एकत्र आलं असेल. तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. डॉक्टर भेटत नसतील तर जवळच्या रुग्णालयात न्या. २५ वर्षांखालच्या पेशंटमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका नोंदला गेला आहे आणि अमेरिकेत तसा ठळक इशारा या औषधांवर छापलेला असतो. बहीण त्या वयात नाही, तरी पहिला महिना घरच्यांनी लक्ष ठेवायचं, आणि तिला थेट विचारायचं: ‘जीव नकोसा वाटतो का?’ असं विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं.

आता झोपेचं. पहिल्या रात्री लागली ती क्लोनाझेपाममुळे. त्याचा मार्गच वेगळा आहे. गाबा आपल्या रिसेप्टरला चिकटला की एक दार उघडतं, क्लोराइडचे आयन आत जातात आणि पेशी शांत होते. क्लोनाझेपाम त्याच रिसेप्टरवर दुसऱ्या जागी बसून हे दार जास्त वेळा उघडायला लावतं. मध्ये कुठली लांबलचक साखळी नाही, जनुकं नाहीत, म्हणून तासाभरात गुण येतो. पण पेशी यालाही जुळवून घेतात, आणि इथे ते जुळवून घेणं आपल्या विरुद्ध जातं: काही आठवड्यांनी तेवढ्याच गोळीने तेवढी झोप येत नाही आणि सोडली तर घबराट उसळून येते. म्हणून हे औषध दोन ते चार आठवड्यांच्या पुलासाठी असतं, एस्सिटालोप्राम काम करू लागेपर्यंत.

आपल्याकडे गडबड होते ती इथेच. दोन्ही औषधं एका गोळीत असली की एक कमी करून दुसरं चालू ठेवता येत नाही. पेशंटला बरं वाटतं, तो जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवून मेडिकलमधून तीच गोळी आणत राहतो, आणि दोन वर्षांनी त्याच्या लक्षात येतं की एक रात्र गोळी चुकली तर झोपच येत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन्ही औषधं वेगळ्या गोळ्यांत लिहून द्यायला सांगा आणि क्लोनाझेपाम कधी, कसं कमी करायचं हे तारखेसकट विचारा. तोवर ही गोळी घेऊन दारू अजिबात नको. सकाळी गुंगी वाटत असेल तर स्कूटरही चालवू नये.

२०२२ च्या बातमीकडे येते. जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन मांडलं की डिप्रेशन सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे होतं याला सुसंगत पुरावा नाही. हा निष्कर्ष या क्षेत्रातल्या अनेकांना नवा नव्हता. ‘रासायनिक असंतुलन’ हे पेशंटला पटकन समजावण्यासाठी वापरलं गेलेलं स्पष्टीकरण होतं, आणि ते फार ताणलं गेलं, हे आम्ही डॉक्टरांनी मान्य करायला हवं.

ही कल्पना आली कुठून हे पाहिलं तर तिची मर्यादा कळते, आणि त्यात मुंबईचाही धागा आहे. सर्पगंधा या औषधी वनस्पतीचा उपयोग आपल्याकडे जुना. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मानसिक आजार आणि रक्तदाबावर तिचे परिणाम नोंदवले. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पेशंटांवरचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष वेधलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेझर्पिन वेगळं काढलं गेलं. रेझर्पिन चेतापेशींतल्या पिशव्यांत सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन भरूच देत नाही, साठा रिकामा होतो. ते घेणारे काही पेशंट उदास झाल्याचं नोंदलं गेलं. त्याच दशकात क्षयरोगासाठी आणलेल्या इप्रोनियाझिडने पेशंट उत्साही झाले, आणि ते औषध या रसायनांचं विघटन रोखतं असं आढळलं. दोन्ही जोडून तर्क निघाला: रसायन कमी म्हणजे उदासी, वाढवलं की बरं. तर्क वाजवी होता, पण औषधाने गुण येतो यावरून आजाराचं कारण सिद्ध होत नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून काही ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने येत नाही.

‘डिप्रेशन कशाने होतं’ आणि ‘ही गोळी काम करते का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर औषधचाचण्यांतून येतं. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाच्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ पेशंट होते. त्यातली २१ च्या २१ औषधं दिखाऊ (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीत माफक आहे, हेही तितकंच खरं. आणि सेरोटोनिनचा संबंधच नाही असंही म्हणता येत नाही. आहारातून ट्रिप्टोफॅन (ज्यापासून शरीर सेरोटोनिन बनवतं ते अमिनो आम्ल) काढून मेंदूतलं सेरोटोनिन काही तासांसाठी घटवलं तर निरोगी माणूस सहसा उदास होत नाही. पण या गटातल्या औषधाने नुकत्याच बऱ्या झालेल्या अनेक पेशंटांत लक्षणं त्याच दिवशी परततात. म्हणजे गुण टिकण्यासाठी सेरोटोनिन लागतं, जरी आजाराचं मूळ त्याच्या कमतरतेत नसलं तरी.

इथवरचं थोडक्यात: वाहक पहिल्या दिवशी अडतो, राफेचा आतला ब्रेक दोन-तीन आठवड्यांत ढिला पडतो, जोडण्या आणि नजरेचा कल त्याच सुमारास आणि नंतरही बदलत राहतात. नवव्या दिवशी तुम्ही या प्रवासाच्या पूर्वार्धात आहात.

पुढे काय दिसावं? आधी झोप, भूक, चिडचिड यांत फरक पडतो. मनाचा जडपणा नंतर सुटतो. बहुतेक वेळा बदल आधी घरच्यांना दिसतो: ती स्वतःहून आंघोळीला गेली, फोन उचलला, भाजीत मीठ कमी आहे म्हणाली. दोन आठवड्यांनी अगदी तसूभरही फरक नसेल तर तो डॉक्टरांना कळवावा, कारण तेव्हा काहीच हललं नसेल तर पुढे त्याच डोसने पूर्ण गुण येण्याची शक्यता कमी होते. पुरेशा डोसवर चार ते सहा आठवडे झाल्यावर औषध चाललं की नाही याचा निर्णय करता येतो. मंत्रचळेपणासाठी (ओसीडी) तेच औषध दिलं असेल तर हिशोब वेगळा, तिथे आठ ते बारा आठवडे आणि बहुधा मोठा डोस लागतो. अंदाजाने ठरवू नका. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी मराठीतही मिळते. ती दर रविवारी भरून आकडा तारखेसह लिहून ठेवा. एकूण गुण ० ते २७. सुरुवातीच्या आकड्याच्या निम्म्यावर आला तर औषधाचा प्रतिसाद आहे, पाचाखाली गेला तर आजार आटोक्यात आला असं आम्ही धरतो. पहिल्याच औषधाने पूर्ण आटोक्यात येणारे साधारण एक तृतीयांश असतात. त्यामुळे डोस किंवा औषध बदलावं लागलं तर ती हार समजू नये.

डोस दुप्पट केला की गुण दुप्पट, असंही होत नाही. मेंदूचे पेट स्कॅन करून पाहिलं तर या औषधांच्या नेहमीच्या किमान डोसला सुमारे ८० टक्के वाहक आधीच अडवलेले असतात. पुढे डोस दुप्पट केला तरी जेमतेम काही टक्क्यांची भर पडते, साइड इफेक्ट मात्र वाढतात. काहींना १५ किंवा २० लागतात, पण एस्सिटालोप्राम २० च्या वर नेत नाहीत, आणि वय जास्त असेल तर सहसा १० वरच थांबतात, कारण हृदयाच्या ईसीजी आलेखातलं क्यूटी हे अंतर लांबू शकतं. एक बारीक गोष्ट इथे सुटते: अ‍ॅसिडिटीसाठी घेतलेलं ओमेप्राझोल यकृतातलं ज्या एन्झाइमवर एस्सिटालोप्रामचा निचरा होतो तेच अडवतं, आणि रक्तातली पातळी सुमारे निम्म्याने वाढवतं. बहीण ते रोज घेत असेल तर १० चा डोस तिला १५ सारखा वागत असेल. पहिल्या आठवड्यातल्या तगमगीचं हेही कारण असू शकतं, जरूर विचारा.

बाकी औषधांत ट्रामाडॉल असलेली वेदनाशामक गोळी, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं कोरड्या खोकल्याचं सिरप आणि लिनेझोलिड हे अँटिबायोटिक यांच्यापासून सावध राहा. तीही सेरोटोनिनवर काम करतात आणि वर सांगितलेला ताप-थरथरीचा प्रकार घडू शकतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांचा धोका वेगळा आहे. रक्तातल्या प्लेटलेटवरही तोच वाहक असतो. त्या स्वतः सेरोटोनिन बनवत नाहीत, उचलून साठवतात आणि रक्त गोठवताना वापरतात. वाहक अडला की साठा घटतो, आणि पोटातला रक्तस्राव वाढू शकतो. अंगदुखीला पॅरासिटामॉल बरं. घरात वयस्कर कुणी हेच औषध घेत असेल आणि सोबत लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी असेल, तर पहिल्या महिन्यात रक्तातलं सोडियम तपासून घ्या. ते घसरलं की गोंधळल्यासारखं होतं, तोल जातो, आणि घरचे ते वयावर ढकलतात.

शेवटी बंद करण्याबद्दल, कारण बहीण तेच म्हणतेय. नवव्या दिवशी बंद केलं तर शारीरिक त्रास फारसा होणार नाही. पण मळमळीची किंमत मोजून झालेली असते आणि गुणाच्या आधीच रस्ता सोडल्यासारखं होतं. पुन्हा कधी सुरू केलं तर पहिला आठवडा नव्याने काढावा लागतो. दीड-दोन महिन्यांनंतर एकदम बंद केलं तर प्रश्न वेगळा. एस्सिटालोप्रामची रक्तातली पातळी साधारण ३० तासांत निम्मी होते, म्हणून दोन ते चार दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचे झटके आल्यासारखं, विचित्र स्वप्नं, चिडचिड सुरू होऊ शकते. गोळी पुन्हा घेतली की हे एक-दोन दिवसांत थांबतं. आजार उलटला असेल तर तो असा झटक्यात येत नाही, आठवड्यांनी हळूहळू डोकं वर काढतो. हा फरक ओळखला नाही तर ‘गोळीची सवय लागली’ किंवा ‘आजार परत आला’ असे दोन्ही चुकीचे निष्कर्ष निघतात. व्यसनात जी ओढ लागते, जो डोस वाढवत न्यावा लागतो, तसं एस्सिटालोप्रामचं होत नाही. मेंदू औषधाशी जुळवून बसलेला असतो आणि त्याला मागे फिरायला वेळ हवा असतो, इतकंच.

आजार पहिल्यांदाच झाला असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतर सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. कमी करताना तीच ८० टक्क्यांची गोष्ट उलट वाचायची. १० वरून ५ वर येताना वाहकांवरचा ताबा थोडाच सुटतो, म्हणून तो टप्पा सहज जातो; ५ वरून शून्यावर येताना ताबा एकदम कोसळतो आणि तिथेच लोक अडखळतात. त्यामुळे मी १० वरून ५ वर महिन्याभरासाठी आणते, मग ५ ची गोळी अर्धी करून २.५ वर आणखी काही आठवडे, आणि ज्यांना तिथेही त्रास होतो त्यांचा शेवटचा टप्पा अजून लांबवते. एक दिवसाआड गोळी घेऊन कमी करायला काही जण सांगतात, ते मी टाळते, कारण पातळी रोज वरखाली होते. मधे एखादी गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

आत्ता करण्यासारखं म्हणजे आज डॉक्टरांना फोन करून तगमग किती आहे ते सांगा, डोस तात्पुरता अर्धा करता येईल का आणि वेळ रात्रीऐवजी सकाळची ठेवता येईल का ते विचारा. गोळी एकत्र असल्यामुळे अर्धी केली तर क्लोनाझेपामही अर्धं होतं आणि सकाळी घेतली तर दिवसभर गुंगी राहते, म्हणून हा बदल स्वतःच्या मनाने करू नका, दोन्ही वेगळी लिहून घ्या. चालू असलेल्या सगळ्या औषधांचे, खोकल्याच्या सिरपसकट, फोटो काढून पाठवा. जुना थायरॉइड रिपोर्ट असेल तर सोबत द्या, नसेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि बी-१२ करून घ्यायला हवं का ते विचारा. आणि येत्या रविवारी पीएचक्यू-९ चा पहिला आकडा लिहून ठेवा, म्हणजे चौथ्या आठवड्यात तुलना करायला काहीतरी हातात असेल. तो आकडा, मधल्या काळातले साइड इफेक्ट आणि ओमेप्राझोल चालू आहे का नाही, हे तेव्हा इथे लिहिलंत तर पुढचं सांगता येईल.